दाढ



मला कवितेवर बोलायला बोलावलंय. मी दाढेवर बोलणार. कविता काय, दाढ दुखत असली की सुचत नाही.

न्हावाशेव्याला मी रात्रपाळीत कंटेनर बांधतो. झोप येऊ नये म्हणून तंबाखू. दाढेला भोक पडलं तर तंबाखू तिथंच दाबायची, ठणका जरा थांबतो. आई म्हणाली, मिश्री लाव. तिच्या तोंडात पुढचे चारच दात उरलेत, तरी मिश्रीवर भरवसा! शेवटी एका दवाखान्यात गेलो. डॉक्टरनं आधी तोंड नाही, चपला बघितल्या. भरायची का काढायची? दाताच्या रंगाचं भरणं म्हणजे माझ्या चार पाळ्यांची मजुरी. काढायला एका पाळीची. म्हटलं, उपटा.

उपटली. थुंका म्हणाला. खुर्चीशेजारच्या भांड्यात रक्त थुंकलो आणि पेशवाईतल्या पुण्यातलं आपल्या लोकांच्या गळ्यातलं मडकं आठवलं. बाबासाहेबांनी १९३६ साली ते जातिसंस्थेवरच्या भाषणात लिहून ठेवलंय.

मग मी माहिती काढली. हे दातासारखं भरणं म्हणजे हिरेमोती नाहीत. राळ आणि काचेची पूड. दात ॲसिडनं खडबडीत करायचा, थरावर थर द्यायचा, निळ्या उजेडानं कडक करायचा. थुंकीचा ओलावा चालत नाही, वेळ लागतो, यंत्र लागतं. म्हणून पैसे. जुनं चांदीचं भरणं स्वस्त, पण त्यात निम्मा पारा. युरोपनं १ जानेवारी २०२५ पासून ते, थोडे अपवाद सोडून, बंद केलं. बरं केलं. पण स्वस्त गेलं आणि महाग राहिलं, तर आपल्या वाट्याला काय? पक्कड!

तिसरा माल आहे, ग्लास आयनोमर. काचेची पूड आम्लात कालवायची. रंग दाताजवळचा, दाताला आपोआप चिकटतो. १९८० नंतर टांझानियात पद्धत निघाली : हातातल्या हत्यारानं कीड खरवडायची, वर हे सिमेंट भरायचं. ड्रिल नको, वीज नको. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९४ साली ती उचलून धरली, २०२१ साली हे सिमेंट अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं. खोटं कशाला सांगू, मोठ्या भोकात ते लवकर मोडतं. नस सडली असेल तर उपयोग नाही. पण माझी दाढ पहिल्या महिन्यात वाचली असती.

नेरूळ, बेलापूर, खारघर, कामोठे. दंतमहाविद्यालयं उशाशी, पण सगळी खाजगी. सरकारी पार सीएसएमटीजवळ, पालिकेचं नायर मुंबई सेंट्रलला. रात्रपाळी करून लोकल धरा, रांग लावा, वर पुढची तारीख घ्या. मुकादम तारीख ऐकतो का?

म्हणून अर्ज लिहिलाय. वस्तीच्या पालिका आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक संध्याकाळ, पाळी सुटल्यावर, दाताचा डॉक्टर, हत्यारांचा एक संच आणि हे सिमेंट. अक्षर वाईट आहे, सह्या खाली करा. आणि पोरांना पुढं पाठवा. टॉर्च आणलाय. किती दाढा काळ्या दिसतात ते मोजून अर्जाला जोडायचंय.