गाडी चालवता येते. थांबवता येते का?

हा एपिसोड हेल्मेटच्या आत इअरफोन लावून ऐकत असाल, तर आधी पॉज करा. घरी पोचा, मग ऐका. मी कुठे पळून जात नाही.

आज ड्रायव्हिंगबद्दल बोलायचंय. "नियम पाळा, जीव वाचवा" हे आपण शाळेच्या भिंतीपासून ट्रकच्या मागच्या फळीपर्यंत सगळीकडे वाचलंय, त्यामुळे ते परत सांगत बसत नाही. माझा मुद्दा एकच आहे. आपल्याला गाडी चालवायला शिकवतात, थांबवायला शिकवत नाहीत.

मी ज्या क्लासमध्ये कार शिकलो तिथे सरांच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक होता. समोर रिक्षा आडवी आली की मी पाय हलवायच्या आत ते ब्रेक मारून मोकळे. मग "क्लच हळू सोड रे" एवढं म्हणायचे आणि गाडी पुढे. असे दिवस भरले, टेस्ट झाली, लायसन्स आलं. गिअर टाकता येत होता, रिव्हर्स घेता येत होता. पण साठच्या स्पीडला गाडी किती अंतरात थांबते, हे मला कुणी दाखवलं नव्हतं. तुम्हाला दाखवलं होतं का?

गंमत म्हणजे नियमात हे सगळं आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे. साध्या कारसाठी किमान २१ दिवसांचं ट्रेनिंग आणि प्रत्यक्ष किमान १० तास ड्रायव्हिंग, असं त्यात लिहिलंय. टेस्टमध्ये काय काय बघायचं त्या यादीत अचानक प्रसंग आला तर गाडी थांबवता येणं हेसुद्धा आहे. आता तुमचे १० तास मोजा. रोज अर्धा तास, गाडीत तीन विद्यार्थी, स्टिअरिंग तुमच्या हातात किती वेळ?

आता थोडं गणित करू. घाबरू नका, दहावीचं फिजिक्स आहे.

गाडी थांबण्याचे दोन भाग असतात. पहिला भाग म्हणजे डोळ्यांना दिसलं, डोक्यात शिरलं, पाय ब्रेकवर गेला. चांगला जागा माणूस धरला तरी यात एक सेकंद जातो. या सेकंदात गाडी पूर्ण वेगात पळत असते. दुसरा भाग म्हणजे ब्रेक लागल्यापासून चाकं थांबेपर्यंतचं अंतर. हे अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं. म्हणजे वेग दुप्पट केला की अंतर चौपट.

कोरडा, चांगला रस्ता आणि चांगले टायर धरून मी हिशोब केला. ५० च्या स्पीडला पहिल्या सेकंदात १४ मीटर जातात आणि ब्रेकिंगचे आणखी १४. एकूण २८ मीटर. १०० च्या स्पीडला पहिल्या सेकंदातच २८ मीटर जातात! म्हणजे ५० ची गाडी जिथे पूर्ण थांबली, तिथे १०० वाल्याचा पाय आत्ता कुठे ब्रेकला लागतोय. त्याची गाडी अजून १०० नेच चाललीय. ती थांबणार ८३ मीटरवर.

तुम्ही म्हणाल, शहरात शंभरने कोण जातं? ठीक आहे, ४० आणि ६० घेऊ. ४० ची गाडी २० मीटरमध्ये थांबते. त्याच जागी ६० च्या गाडीचा वेग अजून ५५ च्या आसपास असतो. समोर शाळेतून सुटलेलं पोर असेल, तर एका गाडीसमोर ते घाबरतं आणि दुसरीखाली सापडतं. फरक फक्त "अरे, थोडंसंच तर वाढवलं" एवढाच.

आणि मिळतं काय? मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे साधारण ९४.५ किलोमीटर. सपाट पट्ट्यात कारला १००ची मर्यादा, घाटात त्याहून कमी. समजा घाट, ट्रॅफिक काहीच नाही आणि पूर्ण रस्ता १००ऐवजी १२० ने मारला. वाचतात साडेनऊ मिनिटं. फूड मॉलवर वडापावच्या रांगेत जातात तेवढी. आणि १०० ची गाडी जिथे थांबली असती, तिथे १२० ची गाडी अजून ७३ च्या आसपास असते.

हे पावसाळ्याआधीचं गणित. जूनच्या पहिल्या सरीत रस्त्यावरचं तेल आणि धूळ मिसळून जो चिकट थर होतो, त्यावर हे सगळे आकडे वाढतात. घासलेले टायर असतील तर विचारूच नका.

आता एक सरकारी आकडा. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. दिवसाला ४६० च्या वर. यातले ७० टक्क्यांहून जास्त मृत्यू अतिवेगाच्या खात्यात नोंदलेत. आणि गेलेल्यांपैकी दर तीनमधले जवळपास दोन १८ ते ४५ वयाचे. म्हणजे हा पॉडकास्ट ऐकणारी आपलीच पब्लिक.

मग करायचं काय? लायसन्स तर सगळ्यांकडे आहे. राहिलेलं शिक्षण आपलं आपण पूर्ण करायचं.

पहिलं, तीन सेकंद मोजा. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मनात म्हणा, एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन. त्याआधी तुम्ही खांबाशी पोचलात तर फार जवळ आहात. पावसात हेच पाच-सहा सेकंद करा. मध्ये कुणीतरी घुसेल, घुसू दे. परत मागे राहून मोजा.

दुसरं, ब्रेकची ओळख करून घ्या. बाइकवाल्यांना घरून सांगितलेलं असतं, "पुढचा ब्रेक मारू नको, उलटशील." म्हणून कित्येक जण फक्त मागचाच दाबतात. पण ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकावर येतं आणि थांबवण्याचं जास्त काम तेच चाक करतं. हँडल सरळ ठेवून, दोन्ही ब्रेक, झटका न देता वाढवत न्यायचे. कारमध्ये एबीएस असेल तर जोरात ब्रेक मारल्यावर पॅडल पायाखाली थरथरतं. काहीतरी तुटलं असं वाटून लोक पाय काढतात. काढायचा नाही, दाबून धरायचा आणि स्टिअरिंग वळवायचं. ही थरथर पहिल्यांदा अपघाताच्या क्षणी कळू नये. रिकाम्या मैदानात, जाणत्या माणसाला बरोबर घेऊन, ३० च्या स्पीडला एकदा करून बघा.

तिसरं, फोन. १०० च्या वेगात दोन सेकंद स्क्रीनकडे बघितलं की ५५ मीटर डोळे मिटून गेलात. गणित वर दिलंच आहे.

आणि चौथं, घरातली बहीण किंवा भाऊ क्लास लावणार असेल तर फी विचारण्याआधी हे विचारा: प्रत्यक्ष स्टिअरिंग किती तास? इमर्जन्सी ब्रेक शिकवता का? २०२१ पासून मान्यताप्राप्त ट्रेनिंग सेंटरचे नियम आलेत. त्यात कारचा कोर्स २९ तासांचा आहे, ८ तास थिअरी आणि २१ तास प्रॅक्टिकल. तो पास झालात तर आरटीओची ड्रायव्हिंग टेस्ट द्यावी लागत नाही. जवळ असं सेंटर असेल तर चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

आपल्याकडे कौतुक होतं ते "काय सुसाट मारतो राव!" याचं. मला वाटतं, ज्याच्या शेजारी बसून आई निवांत झोपते, तो खरा ड्रायव्हर.

तुमच्या क्लासमध्ये काय शिकवलं, काय राहिलं, मला नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. पण गाडी पार्क करून!