संकोच सोडा, साखर तपासा

नगर-मनमाड रस्त्याने जाताना भिंतींवर 'गुप्तरोगावर हमखास इलाज' असे रंगवलेले आपण सर्वांनीच वाचले आहे. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात त्या इलाजावर पैसे घालवून मग माझ्याकडे आलेले रुग्ण मी पुष्कळ पाहिले.

राहुरीकडचे पन्नाशीचे एक ऊस बागायतदार कंबरदुखीसाठी आले होते. औषध घेऊन निघाले, चप्पल पायात घातली आणि मागे वळून म्हणाले, "डॉक्टर, अजून एक विचारायचं होतं." वर्षभर संबंधाच्या वेळी ताठरता येत नव्हती. बाजारातली पुडी सहा महिने चालू होती. पत्नीला वाटे, यांचे मन दुसरीकडे लागले आहे. घरात बोलणेच थांबले होते. मी रक्त तपासायला सांगितले. उपाशीपोटी साखर निघाली २४०!

ताठरता येते ती इंद्रियात रक्त भरल्यामुळे. तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा अरुंद असतात. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू यांनी रक्तवाहिन्या बिघडू लागल्या, की पहिली सूचना पुष्कळदा इथेच मिळते. छातीतले दुखणे काही वर्षांनी येते. ही सूचना पुडीखाली झाकू नका. पहाटे ताठरता येते, पण एरवी येत नाही, असे असेल तर कारण बहुधा मनातली धास्ती असते. तिच्यावरही उपचार आहेत.

सिल्डेनाफिलची गोळी १९९८ पासून जगात वापरात आहे. ती गुणकारी आहे, पण हृदयविकारासाठी जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने ती घेतली, तर रक्तदाब एकदम कोसळून प्राणावर बेतते. काही 'जडीबुटी'च्या पुड्यांत हेच औषध गुपचूप मिसळलेले सापडले आहे. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही घेऊ नका.

र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि लैंगिक प्रश्नांना त्यात उघड उत्तरे दिली. त्यापायी त्यांच्यावर खटला झाला. १९३४ मध्ये त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. आज असा प्रश्न विचारायला दवाखान्याचे दार तेवढे लोटायचे आहे.

त्या बागायतदारांनी तंबाखू सोडली, साखर आटोक्यात आणली. पुढच्या खेपेला पत्नीही सोबत आल्या. सगळे पूर्वीसारखे झाले नाही, पण त्या म्हणाल्या, "आता घरात बोलतात तरी." श्रोतेहो, कंबरदुखीचे निमित्त करू नका. हा प्रश्न आधी विचारा.