लोकलचा विस्तार आणि भाड्याचा न्याय

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



उपनगरी रेल्वेचा विषय निघाला की चर्चा बहुधा दोन तक्रारींपाशी थांबते. गाड्यांना गर्दी फार, ही एक. आणि भाडेवाढ नको, ही दुसरी. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. परंतु त्यांच्या मुळाशी असलेले प्रश्न क्वचितच विचारले जातात. नवा लोहमार्ग कोठून कोठे न्यायचा, हे कोण ठरवतो? त्याचा भांडवली खर्च कोणाच्या खिशातून येतो? आणि तो मार्ग झाल्यामुळे जी संपत्ती निर्माण होते, ती कोणाच्या पदरी पडते? या तिन्हींची उत्तरे मिळाल्यावाचून तिकिटाचा दर न्याय्य की अन्याय्य, हे सांगता येत नाही. ठाण्याच्या खाडीपलीकडे वसविलेल्या नव्या मुंबईचा लोहमार्ग या दृष्टीने मुद्दाम अभ्यासण्यासारखा आहे. कारण विस्ताराचा खर्च प्रवाशाच्या तिकिटावर अधिभार बसवून वसूल करण्याची रीत तेथे उघडपणे अवलंबिली गेली.

आधी रस्ता, मागून रेल्वे

मुंबई बेटाच्या पूर्वेस, खाडीपलीकडे, दुसरे शहर उभारावे ही कल्पना चार्ल्स कोरिआ, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली 'मार्ग' या नियतकालिकातून मांडली. तिचा गाभा साधा होता. सकाळी सारे दक्षिणेकडे आणि संध्याकाळी सारे उत्तरेकडे, हा मुंबईचा एकमार्गी लोंढा मोडायचा असेल तर रोजगार व सरकारी कचेऱ्याच खाडीपलीकडे गेल्या पाहिजेत. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि पंचाण्णव गावांची जमीन संपादनाखाली आली. परंतु त्याच काळात बॅकबे येथे समुद्र बुजवून नरीमन पॉइंटचे मनोरे उभे राहत होते. राज्याचे प्रशासन खाडी ओलांडून गेले नाही. ज्या शासनाने जनतेला नव्या शहरात जायला सांगितले, ते स्वतः मात्र जुन्याच शहरात राहिले.

खाडीवरील रस्त्याचा पूल १९७३ साली खुला झाला. मानखुर्दहून वाशीला पहिली लोकल गेली ती १९९२ च्या मे महिन्यात. या दोहोंत एकोणीस वर्षांचे अंतर आहे. ज्याच्यापाशी मोटार होती त्याला नवे शहर १९७३ सालीच जवळ आले. ज्याच्यापाशी ती नव्हती, त्याला बसच्या रांगेत उभे राहावे लागले. या मधल्या काळातच मशीद बंदर परिसरातील घाऊक बाजार तुर्भे-वाशीकडे हलविण्यास प्रारंभ झाला. बाजार हलला तसा हमाल, मापाडी आणि मेहताही त्याच्यामागे रोज खाडी ओलांडू लागला; त्याच्यासाठी रेल्वे आलेली नव्हती. शहर आधी वसवायचे, लोक आधी आणायचे आणि वाहतुकीची सोय नंतर पाहायची, असा हा उलटा क्रम होता.

पुढे बेलापूर १९९३ साली, पनवेल १९९८ साली आणि ठाणे-वाशी मार्ग २००४ साली जोडला गेला. नेरूळ-बेलापूरहून उरणकडे जाणारा मार्ग २०१८ च्या नोव्हेंबरात खारकोपरपर्यंत आणि १२ जानेवारी २०२४ रोजी उरणपर्यंत पोहोचला. जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली सुरू झाले आणि त्याच्या मालासाठी पनवेलहून रूळ आले. पेट्यांतून जाणाऱ्या मालाला जी सोय तेव्हा मिळाली, तशी लोकल गाडीची सोय त्याच परिसरातील माणसांना मिळायला पुढे कित्येक वर्षे लागली.

एकाच रुळाचे तीन दाम

हा लोहमार्ग बांधण्यासाठी जो करार झाला त्यात खर्चाचा ६७ टक्के वाटा सिडकोचा आणि ३३ टक्के रेल्वेचा ठरला. रेल्वे मंत्रालयाची भूमिका अशी की, शहर राज्य सरकार वसवीत आहे, तेव्हा भारही त्यानेच उचलावा. तिच्यात तथ्य नव्हते असे नाही. पण सिडकोचा पैसा आला कोठून? या महामंडळाचे मुख्य भांडवल म्हणजे जमीन. शेतकऱ्याकडून ती घ्यायची, विकसित करायची, विकायची आणि त्या उत्पन्नातून शहर बांधायचे, अशी ही व्यवस्था.

तेव्हा हिशेब मांडून पाहावा. पहिला दाम शेतकऱ्याने व आगऱ्याने दिला. त्याची भातशेती, त्याची मिठागरे अल्प मोबदल्यात गेली. वाजवी मोबदल्यासाठी १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झाले, त्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांना प्राण गमवावे लागले. त्यांच्या बलिदानानंतरच साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे तत्त्व मान्य झाले. आज उरणची लोकल त्याच जासई परिसरातून जाते, याचे विस्मरण कोणत्याही कार्यकर्त्याला होता कामा नये. दुसरा दाम भूखंड आणि घर विकत घेणाऱ्याने दिला. रस्ते, गटारे व रेल्वे येणार म्हणूनच त्या जमिनीला भाव आला होता. तिसरा दाम प्रवाशाने दिला. सिडकोने घातलेले भांडवल भरून यावे म्हणून खाडीपलीकडच्या तिकिटांवर आणि पासांवर अधिभार बसविण्यात आला, आणि प्रवाशाने तो वर्षानुवर्षे भरला. रक्कम थोडी होती खरी. पण रक्कम थोडी म्हणून तत्त्व लहान होत नाही.

दुसरीकडे रेल्वेमुळे वाढलेल्या जमिनीच्या मोलाचे काय झाले? २००८ साली सिडकोने सीवूड्स-दारावे स्थानकाभोवतीची सुमारे सोळा हेक्टर जागा एका बड्या बांधकाम कंपनीला सुमारे १,८०० कोटी रुपयांत विकासासाठी दिली. तेथे स्थानकाच्या माथ्यावर आज भव्य व्यापारसंकुल उभे आहे. त्या जागेला एवढे मोल आणले ते तेथे थांबणाऱ्या गाडीने आणि तीतून उतरणाऱ्या हजारो पावलांनी. लोहमार्गाच्या भांडवलाची परतफेड करण्याचा स्वाभाविक मार्ग हाच आहे. वाढलेल्या जमीनमोलाचा ठरावीक हिस्सा रेल्वेच्या स्वतंत्र निधीत जमा झाला, तर अधिभाराची गरज उरणार नाही. जमिनीच्या लाभाचा हिशेब एका वहीत आणि रेल्वेच्या खर्चाचा दुसऱ्या वहीत ठेवला, की रेल्वे सदैव तोट्यात दिसते आणि प्रवासी सदैव उपकृत दिसतो.

सवलत कोणाला मिळते?

प्रवासी उपकृत आहे, ही समजूत पद्धतशीरपणे रुजविली जाते. २०१६ पासून रेल्वेच्या तिकिटावर छापले जाऊ लागले की प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी ५७ टक्केच भाड्यातून वसूल होतात आणि उरलेला भार देशातील सामान्य नागरिक उचलतात. जणू तिकीट हातात धरून उभा असलेला माणूस देशाचा सामान्य नागरिक नव्हेच!

मुंबईच्या उपनगरी मार्गांवर दुसऱ्या वर्गाचे किमान भाडे पाच रुपये आहे. मासिक पासाची किंमत साधारणपणे पंधरा एकेरी फेऱ्यांइतकी ठरते. महिन्याचे पंचवीस दिवस कामावर जाणारा माणूस पन्नास फेऱ्या करतो. म्हणजे त्याला मोठी सवलत मिळते, हे मान्यच केले पाहिजे. पण ती शेवटी कोणाच्या पदरात पडते? अंबरनाथ, विरार किंवा पनवेल येथे राहणारा कामगार दक्षिण मुंबईतील कचेरीत, दुकानात, इस्पितळात वेळेवर पोहोचतो, म्हणून त्या संस्था चालतात. त्याला जवळ राहता येईल एवढे वेतन मालक देत नाही, आणि परवडेल असे घर सरकार बांधत नाही. या दोन उणिवा भरून काढण्याचे काम स्वस्त पास करतो. उद्या पास दुप्पट झाला तर कामगार एक तर वेतनवाढ मागेल, नाही तर घरातील दुधात, भाजीत, मुलांच्या शिक्षणात काटछाट करील. संघटना दुबळ्या झालेल्या आजच्या काळात यांपैकी काय घडेल, हे सांगायला भविष्यवेत्त्याची गरज नाही.

म्हणूनच २०१४ च्या जूनमधील प्रसंग लक्षात ठेवण्यासारखा आहे. सर्व प्रवासभाड्यांत १४.२ टक्के वाढ जाहीर झाली. त्याबरोबरच पासाचा हिशेब पंधराऐवजी तीस फेऱ्यांवर नेण्यात आला. म्हणजे मुंबईकराचा पास एका रात्रीत दुपटीहून अधिक महागणार होता. प्रक्षोभ उसळला, विधानसभेची निवडणूक तोंडावर होती, आणि थोड्याच दिवसांत पासाचे जुने सूत्र कायम करावे लागले. ८० किलोमीटरपर्यंतचा दुसऱ्या वर्गाचा उपनगरी प्रवासही वाढीतून वगळण्यात आला. हा लोकमताचा विजय होताच. परंतु निवडणुकीच्या आधाराने टिकलेले भाडे निवडणूक सरल्यावर असुरक्षित असते. विजेचा दर वाढवायचा तर नियामक आयोगापुढे जाहीर सुनावणी होते, ग्राहकाला आक्षेप नोंदविता येतो. लोकलने प्रवास करणाऱ्या लाखो माणसांना असे कोणतेही व्यासपीठ नाही.

स्वस्त भाडे पुरेसे नाही

येथे एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. भाडे वाढू दिले नाही म्हणजे कर्तव्य संपले, असे मानण्याची सवय पुरोगामी चळवळीलाही जडली आहे. पण जी गाडी मिळतच नाही, किंवा जिच्या दारात लोंबकळावे लागते, तिचे भाडे स्वस्त असून उपयोग काय? मुंबईच्या लोहमार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडतात. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी खाली पडून मरण पावले. त्यांच्या पासाची किंमत वाढलेली नव्हती. त्यांना आत उभे राहायला जागा मिळाली नव्हती.

जागा का मिळत नाही, याचे उत्तर पुन्हा नियोजनातच आहे. रेल्वेला किती गाड्या, किती मोटरमन आणि किती वीज लागेल, हे दिवसभरच्या प्रवाशांवरून ठरत नाही. सकाळ-संध्याकाळच्या ऐन गर्दीवरून ठरते. सकाळी पनवेलहून भरून आलेली गाडी उलट दिशेने बरीचशी मोकळी धावते आणि दुपारी तिला तेवढे काम उरत नाही. रोजगार खाडीच्या दोन्ही तीरांवर सारखा असता, तर त्याच गाड्या दोन्ही दिशांना भरून धावल्या असत्या आणि दर प्रवाशामागे खर्च आपोआप उतरला असता. मूळ कल्पनेत हेच अभिप्रेत होते. कचेऱ्या न हलविण्याच्या राजकीय निर्णयाची किंमत रेल्वेच्या तोट्यात दिसते, आणि तो तोटा मात्र प्रवाशाच्या नावावर मांडला जातो.

गर्दीवरचा दुसरा उतारा म्हणून वातानुकूलित लोकल पुढे करण्यात आली. २०१७ च्या डिसेंबरात ती सुरू झाली. तिचे किमान भाडे २०२२ च्या मे महिन्यात ६५ रुपयांवरून ३० रुपयांवर आणावे लागले, आणि मगच तिला बऱ्यापैकी प्रवासी मिळू लागले. बेलापूर-पेंधर मेट्रो २०२३ च्या नोव्हेंबरात सुरू झाली. तिचे कमाल भाडे पुढच्याच वर्षी ४० रुपयांवरून ३० रुपयांवर उतरविण्यात आले. चढ्या भाड्याने तिजोरी भरत नाही, गाडी रिकामी राहते, हा धडा सरकारी यंत्रणांनी स्वतःच्याच अनुभवातून घेतला आहे.

१२ जानेवारी २०२४ हा दिवस तर डोळ्यांत अंजन घालणारा. त्या एकाच दिवशी दोन उद्घाटने झाली. शिवडी-न्हावा शेवा सागरी सेतू हे एक: सुमारे २२ किलोमीटर, सहा पदरी, मोटारीला एका फेरीस २५० रुपये पथकर, आणि लोहमार्गाला त्यात जागाच नाही. खारकोपर-उरण लोकल हे दुसरे: या मार्गावर प्रारंभी दिवसाला अवघ्या चाळीस फेऱ्या, त्याही नेरूळ आणि बेलापूर अशा दोन टोकांत वाटलेल्या. एक गाडी चुकली की तासभर फलाटावर. त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईच्या प्रवेशद्वारांवरील पाच नाक्यांवर हलक्या मोटारींना पथकर माफ झाला; वाशीचा नाका त्यांपैकीच. ज्या खाडीसाठी लोकलच्या प्रवाशाने इतकी वर्षे अधिभार मोजला, तीच खाडी मोटारवाल्याला मोफत झाली. मोटारीला दिलेल्या या सवलतीचा उल्लेख कोणत्याही पावतीवर छापलेला नाही.

मागणी काय असावी

पनवेल-कर्जत उपनगरी मार्ग २०१६ साली मंजूर झाला. विरार-डहाणू चौपदरीकरणही त्याच योजनेत आहे. नव्या विमानतळाभोवती जमिनीचे भाव वाढत आहेत. चाळीस वर्षांपूर्वी जे खाडीकाठी घडले, तेच पनवेल, खालापूर, कर्जत येथे पुन्हा घडू घातले आहे. तेव्हा कार्यकर्त्यांनी केवळ भाडेवाढविरोधी निदर्शनांपुरते न थांबता पुढील मागण्या घेऊन गावागावांत आणि फलाटाफलाटांवर गेले पाहिजे.

स्थानकांच्या परिसरातील वाढीव जमीनमोलाचा निश्चित हिस्सा कायद्याने रेल्वे विस्ताराच्या निधीत जमा व्हावा, आणि ज्यांची जमीन गेली त्यांचाही त्यावर हक्क असावा. कोणताही अधिभार बसवायचा तर तो किती भांडवलासाठी, किती वर्षांसाठी, आणि आजवर किती वसूल झाला, याचा हिशेब दरवर्षी स्थानकावर लावला जावा. मुदत संपताच तो बंद व्हावा. पासाचे पंधरा फेऱ्यांचे सूत्र मंत्र्यांच्या मर्जीवर न ठेवता त्याला वैधानिक आधार मिळावा, आणि भाड्यातील प्रत्येक बदलापूर्वी जाहीर सुनावणी व्हावी. नव्या मार्गाचे उद्घाटन करण्यापूर्वी ऐन गर्दीच्या वेळी दर किती मिनिटांनी गाडी सुटेल, हे लेखी जाहीर व्हावे. आणि बस, लोकल, मेट्रो यांना एकच पास असावा. कारण कामगाराचा प्रवास घरापासून कामापर्यंत एकच असतो, त्याचे तुकडे पाडते ती शासनाची खाती.

यांपैकी एकही मागणी अवास्तव नाही. लोहमार्ग समाजाच्या जमिनीवर, समाजाच्या पैशाने आणि श्रमिकांच्या घामाने उभा राहतो. त्यापासून होणारा लाभ काही थोड्यांच्या मालमत्तेत साठू द्यायचा आणि खर्च तेवढा तिकिटाच्या खिडकीवर वसूल करायचा, या व्यवहाराला नियोजन म्हणता येणार नाही. तिकिटावर ५७ टक्क्यांचा हिशेब छापणाऱ्यांनी सीवूड्सच्या १,८०० कोटींचाही हिशेब त्याच तिकिटावर छापावा. मग भाडे किती असावे, याचा निर्णय करण्यास प्रवासी समर्थ आहे.