दात्याचीही विचारपूस करा
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)

१९९४ च्या दहावीतल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

सकाळपासून सगळे विचारताहेत, "भाऊ कसा आहे गं?" छान आहे. आपल्यामागे दोन इयत्ता होता तो. २०१९ मध्ये मी त्याला माझ्या यकृताचा उजवा भाग दिला. आज मात्र थोडं माझ्याबद्दल सांगते, कारण रुग्णाची चौकशी सगळे करतात, दात्याची फार थोडे.

बाईंनी वर्गात पालीच्या शेपटीचं उदाहरण दिलं होतं. यकृताचं तसं नसतं. कापलेला भाग परत येत नाही. उरलेला भागच वाढतो आणि काही महिन्यांत जवळपास मूळ आकाराएवढा होतो. माझं साठ टक्क्यांच्या आसपास यकृत गेलं, पित्ताशयही काढलं.

आधी तपासण्यांची रांग झाली. मग डॉक्टरांनी मला एकटीला बसवलं. म्हणाले, "तुम्ही निरोगी आहात, ही शस्त्रक्रिया तुमच्यासाठी नाही. हजारात दोन-तीन दाते दगावूही शकतात. शेवटच्या क्षणापर्यंत नाही म्हणा. घरी आम्ही एवढंच सांगू की तुम्ही दाता म्हणून योग्य नाही." त्या वाक्यानेच मला धीर आला. नाही म्हणता येत होतं, म्हणून माझं हो खरं माझं होतं.

पुढे सगळं सुरळीत झालं नाही. पित्त झिरपलं, कमरेला नळी लावून घरी आले. तीन महिने पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नव्हती. आई दोन खोल्यांत येरझाऱ्या घालायची. थकवा इतका, की वेणी घालताना हात भरून यायचे. तेव्हा आपल्याच वर्गातली एक मैत्रीण रोज सकाळी यायची, माझा हात धरून गल्लीच्या टोकापर्यंत चालवायची. ती समोरच बसली आहे. नाव घेतलं तर रागावेल.

आज मी ठणठणीत आहे. तपासणी चुकवत नाही.

दोनच विनंत्या. घरात कुणी दाता होणार असेल, तर त्याला नाही म्हणायची मोकळीक द्या आणि नंतर त्याच्याही खोलीत डोकवा. दुसरी, मरणोत्तर अवयवदानाची इच्छा आजच घरच्यांना सांगून ठेवा, कारण त्या वेळी संमती त्यांनाच द्यायची असते. मरणोत्तर मिळालेल्या प्रत्येक यकृतामागे कुणा बहिणीची शस्त्रक्रिया टळू शकते.