दोन वर्षांची नोकरी



कोरियन मालिका म्हणजे प्रेमाचे अश्रू, असा आपल्याकडे समज आहे. मला प्रिय आहे ती २०१४ ची ‘मिसेंग’. बादुक या पटावरच्या खेळात जिचे जगणे अजून ठरलेले नाही, ती सोंगटी मिसेंग. मालिकेचा नायक बादुक सोडून कचेरीत आलेला कंत्राटी तरुण.

दक्षिण कोरियात २००७ साली कायदा लागू झाला : दोन वर्षांहून अधिक काळ ठेवलेला कंत्राटी कामगार कायम समजावा. अनेक मालकांनी पळवाट शोधली. दोन वर्षे भरली की निरोप! नायक जीव ओतून राबतो, तरी कायम होत नाही. मालिकेने खोटा दिलासा दिला नाही, हेच तिचे मोल.

त्याच वर्षीच्या ‘कार्ट’ चित्रपटात मोठ्या दुकानातल्या बायका संप पुकारतात. एकटी सोंगटी वेढली जाते. जुळलेल्यांनी दोन घरे राखली, तर त्या जगतात.