गाडी चढेल, आपण चढू का?

इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव, दिल्ली... तुम्ही जिथून ऐकत असाल तिथे एखादी उंच, लांब सस्पेन्शनची मोटरसायकल नव्याने दारात आली असेल, तर आजचं बोलणं तुमच्यासाठी आहे.

२०१६ मध्ये रॉयल एनफिल्डची पहिली हिमालयन आली, ४११ सीसीची. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिची पूर्ण नवी आवृत्ती आली: ४५२ सीसी, लिक्विड कूलिंग, ४० पीएस ताकद. इतर कंपन्यांच्याही गाड्या आल्या. आता घरी गाडी आली, हार घातला, पेढे वाटले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "मग, लडाख कधी?"

माझं उत्तर असं की गाडी आजही लडाखला जाईल. तुम्ही मात्र निदान दोन हजार किलोमीटर तिच्यावर बसल्यावर जा. कारण गाडीची क्षमता विकत मिळते, तिची सवय विकत मिळत नाही. आणि डोंगर आपली परीक्षा घेतो ती सवयीचीच.

आधी वजन पाहू. रोज ऑफिसला नेतो ती गाडी एकशे दहा-पंधरा किलोची. ही नवी हिमालयन १९६ किलोची, सीट जमिनीपासून ८२५ मिलिमीटरवर. चालत्या गाडीत हे वजन जाणवत नाही. ते जाणवतं थांबताना. उतारावर थांबलात आणि उताराच्या बाजूचा पाय टेकवायला गेलात, तर तिथे जमीन दोन-चार इंच खाली असते. गाडी तेवढी कलली की हाताने सावरत नाही. म्हणून जमीन उंच असेल त्या बाजूचा पाय टेका, आणि कुठे थांबायचं ते चाक थांबायच्या आधी ठरवा. सामानही जड ते खाली आणि पुढे, हलकं ते वर बांधा. आणि हा सराव सामान लादूनच करा. रिकामी गाडी आणि भरलेली गाडी या दोन वेगळ्या गाड्या आहेत.

दुसरी गोष्ट वळणाची. पुढचं चाक २१ इंची. दगडधोंड्यांवरून ते सहज जातं, पण डांबरी हेअरपिन वळणात ते लहान चाकासारखं चटकन आत वळत नाही. शिवाय पुढचा ब्रेक दाबला की लांब सस्पेन्शनमुळे गाडीचं नाक खाली जातं. म्हणून वेग वळणाच्या आधी कमी करायचा, नजर वळणाच्या शेवटाकडे ठेवायची, आणि काहीही झालं तरी आपली डावी बाजू सोडायची नाही. समोरून ट्रक वळत असेल तर त्याला अख्खा रस्ता लागतो. आपण अलीकडे थांबायचं. डोंगरात वर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा आपल्याकडे कायद्यातलाच नियम आहे.

उतरताना ब्रेक धरून ठेवू नका. सतत दाबलेला ब्रेक तापतो आणि ऐन वेळी पकड सोडतो. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनालाच वेग आवरू द्या. क्लच दाबून, न्यूट्रलमध्ये घाट उतरणं तर नकोच. नव्या गाडीत आणखी एक भर: टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, ब्रेक पॅड बसलेले नसतात. पहिले दीड-दोनशे किलोमीटर गाडी फार झुकवू नका. आणि मागच्या चाकाचं एबीएस बंद करायची सोय असेल, तर ते सुट्या खडीसाठी आहे. परत डांबरावर आलात की सुरू केलं का, ते पाहा.

आता उंची. मनाली साधारण दोन हजार मीटरवर आहे. लेहच्या वाटेवर बारालाचा ला सुमारे ४,८९० मीटर, तांगलांग ला ५,३०० मीटरच्या वर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण तेच, २१ टक्के. पण हवाच विरळ. फ्युएल इंजेक्शन त्या हिशोबाने पेट्रोल कमी करतं, म्हणून गाडी जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीसारखी धूर काढत अडखळत नाही. पण गेलेली ताकद इंजेक्शन परत आणू शकत नाही. चाळीसचं इंजिन तिथे साधारण वीसचं होतं. खाली तीन सेकंदांत होणारं ओव्हरटेक तिथे होत नाही, आणि हे कळतं तेव्हा आपण उजव्या बाजूला असतो.

गाडीचं होतं तेच आपलंही होतं. डोकं दुखतं, मळमळतं, झोप लागत नाही. याहून धोक्याचं म्हणजे निर्णय मंदावतात आणि ते आपल्याला स्वतःला कळत नाही. सोबतचा माणूस उगाच चिडायला लागला, साध्या प्रश्नाला उशिरा उत्तर द्यायला लागला, तर ते स्वभावावर घेऊ नका. त्रास सुरू झाला की आणखी वर जायचं नाही. वाढला तर खाली उतरायचं. गाडीवर मागे पत्नी, भाऊ, मैत्रीण कोणी असेल, तर निघण्याआधीच ठरवा: दोघांपैकी एकाने "थांबूया" म्हटलं की वाद न घालता थांबायचं.

पहिल्यांदाच जात असाल तर श्रीनगरकडून जाणं शरीराला सोपं. तिथे जोझी ला सुमारे साडेतीन हजार मीटरवर, सर्वांत उंच फोतू ला ४,१०८ मीटरवर. चढ हळूहळू येतो. लेहला पोचल्यावर दोन दिवस विश्रांती घ्या, मग पुढच्या खिंडी.

नाल्यांचंही एक गणित आहे. बर्फ उन्हाने वितळतं, म्हणून रस्त्यावरून वाहणारं पाणी सकाळी कमी आणि दुपारनंतर जास्त. पहाटे निघण्याचं कारण हे आहे. पाण्यात शिरण्यापूर्वी दुसरी गाडी कुठून जाते ते पाहा, मग पहिला गिअर, स्थिर थ्रॉटल, नजर पलीकडच्या काठावर. दुपारी पाणी जोरात असेल तर अलीकडच्या गावात मुक्काम करा. बुकिंगचे पैसे गेले तर गेले.

हे सगळं शिकायला हिमालय लागत नाही. पुणेकरांना ताम्हिणी आहे, कोल्हापूर-बेळगावकरांना आंबोली, हैदराबादकरांना श्रीशैलमचा घाट. तमिळनाडूतल्या मंडळींना तर कोल्ली डोंगरात एका रस्त्यावर सत्तर हेअरपिन वळणं आहेत. येत्या रविवारी सकाळी सामान बांधून जवळचा घाट एकदा चढा, एकदा उतरा. उतरताना ब्रेक किती वेळा लागला ते मोजा. पुढच्या रविवारी तो आकडा कमी करा. आकडा कमी होत गेला, चढावर मध्येच थांबून गाडी न डगमगता पुन्हा निघाली, की लडाखच्या तारखा ठरवायला हरकत नाही.

तुमचा जवळचा घाट कोणता, ते जरूर कळवा.