पिकाचा फोटो स्पष्ट कसा घ्यावा?
(शेतकरी प्रशिक्षण वर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



मावळ हा भाताचा तालुका. वडगाव मावळच्या कृषि संशोधन केंद्राने १९८७ साली दिलेला इंद्रायणी हा सुवासिक वाण तुमच्या खाचरांत आहेच. जोडीला तळेगाव परिसरात हरितगृहातील गुलाब आहे. पिकावर काही दिसले की आज आपण मोबाईलवर फोटो काढतो आणि तज्ज्ञांकडे पाठवतो. सोय चांगली आहे. मात्र फोटो पुसट असेल तर निदान चुकते आणि फवारणीचा खर्च वाया जातो.

भाताचेच उदाहरण घ्या. करपा बुरशीमुळे होतो. त्याचे ठिपके दोन्ही टोकांना निमुळते, मध्ये राखाडी व कडेला तपकिरी असतात. कडा करपा जिवाणूंमुळे होतो. त्यात पान शेंड्याकडून व कडेने नागमोडी रेषेत पिवळे पडून वाळते. बुरशीनाशकाने जिवाणू आटोक्यात येत नाहीत. पुसट फोटोत मात्र दोन्ही पाने सारखीच करपलेली दिसतात.

आपोआप फोकस कोठे फसतो?

स्वयंचलित फोकसचा कॅमेरा १९७७ साली जपानच्या कोनिका कंपनीने प्रथम मोठ्या प्रमाणावर बाजारात आणला. आज ही सोय प्रत्येक चांगल्या मोबाईलमध्ये आहे. कॅमेरा भिंग मागे-पुढे सरकवून उजेड-अंधाराची रेघ कोठे ठळक होते ते शोधतो. त्याला पान आणि रोग यांतला फरक कळत नाही. त्यामुळे पुढील ठिकाणी तो चुकतो :

१. भाताचे पान अरुंद असते. कॅमेरा ते सोडून मागचे पीक किंवा बांध पकडतो.
२. लोणावळ्याकडील धुक्यात व पावसात ठळक रेघ सापडत नाही.
३. वाऱ्याने पान हलते आणि फोकस साधेपर्यंत जागा सोडते.
४. तपकिरी तुडतुडे चुडाच्या बुंध्याशी, अंधारात असतात.
५. गुलाबावर कोळ्यांची जाळी असेल, तर कॅमेरा जाळी सोडून पान पकडतो.

उपाय काय करावा?

प्रथम भिंग स्वच्छ, कोरड्या मऊ कापडाने पुसावे. पानामागे तळहात किंवा वही धरावी, म्हणजे कॅमेरा मागे भरकटत नाही. मोबाईल पानापासून साधारण एक वीत दूर ठेवावा. फार जवळ नेल्यास फोकस होतच नाही. मग पडद्यावर ठिपक्याच्या जागी बोट टेकवावे. बऱ्याच मोबाईलवर बोट थोडा वेळ दाबून धरले की फोकस तेथेच कायम राहतो. पान मोबाईलला समांतर धरावे. तिरपे धरल्यास एक टोक स्पष्ट व दुसरे पुसट येते. कोपरे अंगाशी टेकवून फोटो घ्यावा. बुंध्याचा फोटो घेताना चूड फाकवून आत उजेड येऊ द्यावा.

एवढे करूनही जमले नाही, तर हाताने फोकस करावा. अनेक मोबाईलमध्ये ‘प्रो’ या भागात त्यासाठी सरकपट्टी असते. तेथे बहुधा फुलाचे चित्र जवळचे व डोंगराचे चित्र लांबचे अंतर दाखवते. पट्टी फुलाकडे न्यावी आणि ठिपका स्पष्ट दिसेपर्यंत मोबाईलच हळूहळू मागे-पुढे करावा. मोठ्या कॅमेऱ्यात कळ हस्तचलित बाजूला करून भिंगावरील कडे फिरवावे. वारा असेल तर पान दुसऱ्याला दोन्ही टोकांनी धरायला सांगावे.

गुलाबाच्या पानाची खालची बाजू अवश्य टिपावी. लाल कोळी हा कीटक नव्हे, आठ पायांचा जीव आहे. त्याला कोळीनाशकच लागते. नुसते कीटकनाशक मारल्यास मित्रकीटक मरून कोळी वाढण्याचा धोका असतो.

पाठवण्यापूर्वी

तीन फोटो घ्यावेत : संपूर्ण खाचर, एक पूर्ण चूड किंवा झाड, आणि जवळून लक्षण. जवळच्या फोटोत आकार कळावा म्हणून शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवावे. शेत सोडण्यापूर्वी फोटो मोठा करून ठिपक्याची कड स्पष्ट दिसते का ते पाहावे. नसेल तर तेथेच पुन्हा घ्यावा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की बारकावे कमी होतात, म्हणून तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. सोबत वाण, लागवडीची तारीख, दिलेले खत व केलेली फवारणी कळवावी.

फोटो हा नमुन्याला पर्याय नाही. शंका उरल्यास मुळांसह चूड उपटून कृषि विज्ञान केंद्रात किंवा संशोधन केंद्रात न्यावा. निदान झाल्यावरच औषध खरेदी करावे.